साळिंदराचा दुसरा भाग आणि आमचे व्याही

नंदुरबारला आजवर जेवढे पिक्चर लागले, तेवढे सगळे मला तोंडपाठ आहेत. अर्ध्यापर्यंत.

म्हणजे असं, की माझा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. टॉकीजवाल्यांची जाहिरात मीच रिक्षात बसून गावभर करायचो. हातात माईक, रिक्षाच्या दोन्ही बाजूंना पोस्टर. त्यांनी दिलेल्या कागदावर गोष्ट अर्धीच असायची, शेवटी लिहिलेलं असायचं, ‘आगे क्या हुआ, परदे पर देखिये!’ मी ते एवढ्या ताकदीने ओरडायचो की बाया स्वयंपाक सोडून दाराशी यायच्या. पुढे काय झालं ते मला विचारू नका. आत जाऊन खुर्चीला पाठ टेकली की मला झोप लागते.

धंदा बंद केला तेव्हा वायरींची भेंडोळी माळ्यावर टाकून दिली. आता एक वायर ओढावी तर तिच्यात अडकलेल्या चार आणखी डोक्यावर येतात. आमच्या नातीचे आणि व्याह्यांचे किस्से तसेच आहेत. मला एकच सांगायचा असतो. चहा संपेपर्यंत सगळे खाली आलेले असतात.

*

तर नातीचं नाव आरू. माझ्या एकुलत्या एका लेकीची, रेखाची मुलगी. वय सात, बोलणं सत्तरीचं, आणि तेही कार्टून बघून बघून अर्धं हिंदीत.

रेखाने कॉलेजात स्वतःच जमवलं आणि आम्ही तिला दिली प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्यात, तापीच्या काठावर. घर चांगलं, केळी, ऊस, दारात जीप. जावई गरीब गाय. खोट एकच. व्याही.

नरोत्तमभाई त्यांचं नाव. पांढरी टोपी, पांढरा सदरा, शब्द मोजून बोलणार. घरात गुजरी, म्हणजे गुजरांची बोली बोलतात आणि माझ्याशी बोलताना शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी. रागावत नाहीत, भांडत नाहीत. अशा माणसाचा राग करायला किती अवघड जातं ते मला विचारा. मी बरीच वर्षं मेहनत घेतोय.

कारण सरळ आहे. आरू बारा महिने त्यांच्या मांडीवर असते. मला मिळते ती सुट्टीत. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, नातवंडं सोबत येतात, झाडाला झोके बांधतात, आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. सुट्टी आईच्या माहेरची, हा कायदा कोणी लिहिलेला नाही पण सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या आखाजीला मी लिंबाला झोका बांधला, आंबे पिकत घातले. तिसऱ्या दिवशी आरू म्हणाली, दादांकडे, म्हणजे व्याह्यांकडे, गाईला वासरू झालंय, मला जायचं.

वासरापुढे मी हरलो! आणि ते वासरू दोन महिन्यांचं होतं. म्हणजे आधीपासून होतंच.

*

माझ्याकडे एकच हुकमाचं पान होतं. पिक्चर.

आरू बालवाडीत होती तेव्हा नंदुरबारला साळिंदरांचा एक कार्टून पिक्चर लागला होता. साळिंदराचं कुटुंब असतं, आई, बाप, दोन पिल्लं आणि एक खडूस म्हातारा. पुरात त्यांचं बीळ वाहून जातं आणि ते एका फळीवर बसून समुद्राकडे निघतात. तिला मी एकट्याने नेलं होतं. वादळ आलं तेव्हा पोरगी माझ्या मांडीवर चढली आणि माझी मिशी दोन्ही हातांनी धरून बसली. त्या दिवशी मला पिक्चरमध्ये झोप आली नाही. मिशी ओढलेली असताना कोणाला येईल?

हा प्रसंग मी व्याह्यांना सांगितला. एकदा सांगितला असता तर बरं झालं असतं. मी प्रत्येक भेटीत सांगितला. जेवताना सांगितला, कोणाच्या तरी जावळाच्या कार्यक्रमात सांगितला, एका मयतीला गेलो होतो तिथे हळू आवाजात सांगितला. नरोत्तमभाई ऐकून घ्यायचे आणि “वा” म्हणायचे.

मग त्यांनी भिंतीएवढा टीव्ही घेतला.

*

टीव्ही बघायला मला मुद्दाम बोलावलं. मी गेलो तर ओसरीवरूनच आवाज आला. आत डोकावलो. टीव्हीवर तोच साळिंदराचा पिक्चर, आणि टीव्हीसमोर आमचे व्याही, ज्यांच्या पुढे मजूर टोपी काढून उभे राहतात, ते गुडघ्यावर आणि तळहातांवर रांगताहेत. पाठीवर टॉवेल बांधलेला, टॉवेलात खराट्याच्या काड्या खोचलेल्या. तोंडाने ‘खर्र खर्र’. आरू वरून हुकूम सोडते आहे, दादा, समुंदर उधर है!

मी आत पाऊल टाकणारच होतो. पण तोंडात आपोआप शब्द आले. मी दाराआड उभा राहून त्यांच्या मुकादमाच्या आवाजात ओरडलो, “दादा, केळीनी गाडी उनी! लवकर या!”

नरोत्तमभाई जे उठले ते काड्यांसकट अंगणात. अंगणात गाडी नव्हती. दोन पाहुणे होते, सोसायटीच्या कामाला आलेले. त्यांनी रामराम घातला. व्याह्यांनीही घातला. रामराम करताना वाकले तशा दोन काड्या पाहुण्यांच्या पायाशी पडल्या.

मी भिंतीला धरून हसलो. हसून आत गेलो तर आरू डोळे पुसत बसली होती. म्हणाली, आबाने समुंदर मोडला.

आता माझ्या बाजूने कोण बोलणार? बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरी जिरली तुमची.

*

मग मीही ठरवलं. साळिंदर काय त्यांनाच होता येतं? मी मंडपवाला माणूस. सांगितलं तर हत्ती उभा केला असता.

माळ्यावरून वायर काढली, तिचे हातभर तुकडे केले, जुन्या जाकिटात ओळीने ओवले, टोकांना काळा-पांढरा रंग दिला. खरं साळिंदर लाजलं असतं. रेखाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि पाठ मोबाइलकडे करून खोलीत रांगायला लागलो.

तेवढ्यात दारात शांतीशेठ. समोरच किराणा दुकान त्यांचं, मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या नंदुरबारलाच. माझे जुने दोस्त आहेत, म्हणजे मी त्यांच्या दुकानासमोर बसून गिऱ्हाइकांना खोड्या करतो आणि ते मला चहा पाजतात. त्यांनी मला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या बायकोला विचारलं, “भाभी, झाडू को क्या हुआ?”

मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ‘खर्र खर्र’ चालू ठेवलं. मोबाइलमधून आरूचा आवाज आला. आवाजात खरी काळजी होती.

“आबा, पाठीला काय झालं? दवाखान्यात जा ना.”

आणि मागून नरोत्तमभाईंचा आवाज, पुस्तकी मराठीत, आमच्या इथे शहाद्याला एक चांगले डॉक्टर आहेत म्हणून.

*

या वर्षी देव पावला. आखाजीच्या तोंडावर साळिंदराचा दुसरा भाग आला. शहाद्याला नाही, नंदुरबारलाच! तोही थ्रीडी, चष्मा लावून बघायचा. भिंतीएवढ्या टीव्हीवर तो दिसणार नव्हता.

मी रेखाला फोन केला. म्हटलं, आरूला पाठव, पिक्चर बघू, आणि मग सुट्टीभर राहू दे. रेखाने तिला विचारलं. आरूने सांगितलं, पिक्चर बघते, राहायचं की नाही ते पिक्चर बघून ठरवते. वकील होणार पोरगी.

म्हणजे सगळं त्या तीन तासांवर आलं. मी बायकोला म्हटलं, या वेळी पोर जीपमध्ये परत चढता कामा नये. पिक्चरमध्ये ती माझ्या शेजारी बसली, वादळात माझी मिशी धरली, की झालं. वासरू गेलं उडत.

दुसऱ्या दिवशी रेखाचा फोन. पिक्चरला सगळेच येतायत. सासूबाई येतात, आणि मामंजी म्हणतात, पहिला भाग एवढ्या वेळा बघितला तर दुसऱ्यात त्या म्हाताऱ्याचं काय होतं ते बघायला पाहिजे.

माझा चेहरा पाहून बायको म्हणाली, “कोणी वारलं का?”

*

शांतीशेठची गोष्ट इथेच सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्यांची नातवंडं सुरतला. येत नाहीत. व्हिडिओ कॉल करतात तेही शेठ दुकानात गिऱ्हाइकात असताना. मी आठवडाभर त्यांच्यापुढे मिरवत होतो, आरू येणार, पिक्चरला नेणार, आरू येणार. शेठ वजनकाट्यावर गूळ ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे.

आदल्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं, चहा मागवला. म्हणाले, माझ्या नातवाने सुरतला पहिल्याच दिवशी बघितला तुमचा पिक्चर, फोनवर मला सगळी गोष्ट सांगितली. आणि मी कानावर हात ठेवायच्या आत त्यांनी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत मला सांगून टाकली. म्हातारा साळिंदर नदीत वाहून जातो, सगळे रडतात, पण तो मरत नाही, धबधब्यामागे गुहेत असतो.

आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या पिक्चरचा पुढचा अर्धा भाग बघायच्या आधीच माहीत झाला!

मी विचारलं, शेठ, असं का केलं? शेठ गुळाच्या ढेपेवरची माशी हाकलत म्हणाले, “आप रोज सुनाते थे. मैंने एक दिन सुनाया.”

*

जीप आली. व्याही उतरले. आमच्याकडे मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे मान तुकवायची, हा आणखी एक न लिहिलेला कायदा. आधी पाणी त्यांना, गादी त्यांना, पहिलं ताट त्यांना, निघताना टोपी-टॉवेल त्यांना. मी सगळं केलं. बायको दाराआडून बघतच होती.

टॉकीजमध्ये मात्र मी आधीच विचार करून ठेवला होता. आमची रांग भिंतीच्या बाजूने बंद, म्हणजे पहिला आत जाणारा भिंतीला लागणार. आता बघा हं. मान म्हणून व्याही पहिले आत. त्यांच्यामागे मी. माझ्यामागे आरू. व्याही भिंतीशी, मी मध्ये, आरू माझ्या शेजारी. मानही राहिला आणि पोरगीही! मला माझ्याच डोक्याचं कौतुक वाटलं.

मी कमरेत वाकून म्हणालो, “या, व्याही. आधी तुम्ही.”

नरोत्तमभाईंनी रांगेकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. आरूकडे बघितलं. मग हात जोडून म्हणाले, “छे छे. गाव तुमचं. आधी तुम्ही.”

मी म्हटलं, असं कसं, तुम्ही पाहुणे. ते म्हणाले, तुम्ही वयाने मोठे. मी म्हटलं, मानाने तुम्ही. ते म्हणाले, आमचा मान तुमच्यामुळे. मी त्यांचा दंड धरून आत ढकलत होतो, ते माझी पाठ धरून मला आत ढकलत होते. दोघेही हसत होतो. जो बघेल तो म्हणेल, व्याही असावेत तर असे!

मागे माणसं खोळंबली. पडद्यावर जाहिराती सुरू झाल्या. कोणीतरी ओरडलं, “काका, बठा ना आते! लगन लागी गयं!”

आणि या मानपानात आरू आमच्या दोघांच्या कोपराखालून आत गेली. तिच्यामागे रेखा. मग रांगेत जागा होती तशी माझी बायको आणि विहीणबाई शिरल्या. मग बॅटरीवाल्याने आम्हा दोघांना हाताला धरून उरलेल्या खुर्च्यांत बसवलं. आरू पार भिंतीशी. आणि माझ्या शेजारी, सगळा पिक्चरभर, नरोत्तमभाई.

*

थ्रीडी म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगतो. चष्मा लावला की पडद्यावरचं सगळं अंगावर येतं. साळिंदराने पाठ फुगवली की काटे थेट आपल्या नाकाकडे. पोरं किंचाळतात, मागे सरकतात. पहिल्यांदा काटे आले तेव्हा नरोत्तमभाईंनी टोपी धरली आणि खाली वाकले.

ते बघितलं आणि माझा हात आपोआप खिशात गेला. खिशात खराट्याची काडी होती. कशाला होती? मी घरून काही ना काही घेऊनच निघतो.

दुसऱ्यांदा साळिंदराने पाठ फुगवली. काटे सुटले, सूं करून आले, आणि नेमकं त्याच वेळी मी त्यांच्या दंडाला काडी टोचली. जरा जोरातच.

“लाग्यो रे!” नरोत्तमभाई उभेच राहिले. पुस्तकातलं मराठी गेलं, घरातली गुजरी बाहेर आली. अख्खं टॉकीज हसलं. मागच्या रांगेतले चष्मे काढून बघायला लागले. मला वाटलं, धंदा बंद केल्यापासून एवढं चांगलं काम हातून झालं नव्हतं.

मग भिंतीकडून आवाज आला, “दादांना लागलं?”

आणि आरू निघाली. आईच्या पायावरून, दोन्ही आज्यांच्या मांडीवरून, अंधारात, चष्मा कपाळावर. माझ्यापर्यंत आली. मी हात पसरले. तिने माझ्या गुडघ्यावर पाय दिला, खांद्याला धरलं, आणि माझ्यावरून पलीकडे, दादांच्या मांडीवर.

पुढचा पाऊण तास ती त्यांच्या दंडावर फुंकर घालत होती. मी शेजारी बसून पिक्चर बघत होतो. पहिल्यांदा एवढं लक्ष देऊन बघितला, कारण शेजारी बघवत नव्हतं.

*

मध्यंतरात नरोत्तमभाईंनी दंड दाखवला. लाल ठिपका होता. ते मॅनेजरकडे गेले, शांतपणे म्हणाले, तुमच्या खुर्चीला खिळा आहे, लहान मूल बसलं असतं तर? मॅनेजर घाबरला. दोन माणसं बॅटऱ्या घेऊन आली, खुर्ची उलटी केली, खालून वरून चाचपली. खिळा काही सापडेना.

मीही शोधायला मदत केली. व्याह्यांसाठी एवढं तर करायलाच पाहिजे.

माझी बायको समोशाचा कागद हातात घेऊन उभी होती. तिने आधी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे. अहिराणीत एवढंच म्हणाली, “खिसा दखाडा.”

मी म्हटलं, पिक्चर सुरू व्हायला आला.

*

उत्तरार्धात खडूस म्हातारा साळिंदर नदीत वाहून गेला. सगळं टॉकीज चिडीचूप. पिल्लं काठाकाठाने धावताहेत, हाका मारताहेत. आरू दादांच्या मांडीवर, पण हुंदका माझ्या बाजूने ऐकू आला. मी बघितलं, तिने एक हात माझ्याकडे केला होता. बोटं हलत होती. मिशी शोधत होती!

मी तोंड पुढे केलं. तिने मिशी धरली. तो हात ओला होता. मला राहवेना. पोर रडतेय, आणि मला तर माहीत आहे. तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, रडू नको गं, म्हातारा मरत नाही. धबधब्यामागे गुहेत आहे. शेवटी सापडतो.

मिशी सुटली.

आरूने चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, आणि अख्ख्या टॉकीजला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आबा, सगळं सांगून टाकलं!”

मागच्या रांगेतून, पुढच्या रांगेतून, बाल्कनीतून पोरांनी मला शिव्या घातल्या. हिंदीत, मराठीत, अहिराणीत, आणि एक कोणीतरी पहाडातला असावा, पावरीत. नरोत्तमभाई हळूच म्हणाले, “मला पण माहीत नव्हतं हो.”

एवढी वर्षं अर्धाच पिक्चर सांगत होतो. तेच बरं होतं.

*

पिक्चर सुटला. म्हातारा अर्थातच सापडला, कोणी टाळी वाजवली नाही. आम्ही पायऱ्यांवर आलो. समोर जीप उभी, मागच्या सीटवर आरूची पिशवी. ती पिशवी उतरते की तशीच प्रकाशाच्या रस्त्याला लागते, एवढाच प्रश्न होता, आणि माझ्याशी तर पोरगी बोलत नव्हती.

रेखाने विचारलं, काय गं, राहतेस का आबांकडे?

आरूने विचार केला. म्हणाली, दादा राहिले तर राहते.

माझ्या डोक्यात लगेच हिशेब झाला. व्याही कधी व्याह्याकडे मुक्कामाला राहत नाही. एक जेवण, फार तर एक रात्र, तीही लग्नकार्यात. शिष्टाचार असा, की आपण आग्रह करायचा, भरपूर करायचा, आणि समोरच्याने हात जोडून म्हणायचं, पुन्हा कधीतरी. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय. कोणी राहिलेला मी तरी पाहिलेला नाही. म्हणजे ते नाही म्हणणार. मग मी आरूला सांगणार, बघ बाई, मी तर म्हणतच होतो, दादाच नको म्हणाले. पोर दादांवर रुसणार. रुसलेली नात कोणाकडे राहते? आबाकडे!

म्हणून मी टॉकीजच्या पायऱ्यांवर उभा राहून, रिक्षात बसून ओरडायचो त्या आवाजात आग्रह केला. राहा ना व्याही! घर तुमचंच आहे! आखाजी झाल्याशिवाय जायचं नाही! सुट्टीभर राहा, माझी शपथ आहे! बायको माझी बाही ओढत होती, मी सोडवून घेतली. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. काय तो जिव्हाळा!

नरोत्तमभाईंनी हात जोडले. मी मनात म्हटलं, झालं.

ते म्हणाले, “एवढं म्हणताय तर मोडवत नाही.”

आणि जीपमधून दोन पिशव्या उतरल्या. एक आरूची. दुसरी त्यांची, कपड्यांची, इस्त्री केलेल्या सदऱ्यांनी भरलेली. ती घरूनच भरून आणली होती!

*

आता शेवटचा सांगतो आणि मग तुम्ही तुमच्या कामाला लागा.

नरोत्तमभाई आमच्याकडे राहिले. खाट माझी, झोपतात ते. गादी माझी, बसतात ते. पंख्याखालची जागा मानाची, म्हणजे त्यांची. मांड्याचं पहिलं ताट त्यांना जातं, आमरसाची वाटी आधी त्यांची भरते. सकाळी शांतीशेठच्या दुकानासमोर माझ्या बाकावर बसतात आणि शेठ त्यांना बिस्किटासकट चहा पाजतात. मला कधी बिस्किट दिलं नाही.

आरू झोका घेते, आंबे खाते, आणि दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये झोपते. पाय दादांवर, डोकं माझ्यावर. आता पाय जास्त की डोकं जास्त, हे मी बायकोला विचारलं तर ती म्हणाली, तुमले काही कामधंदा शे का नही?

मी त्यांना घालवायचे सगळे उपाय केले. चहात मीठ टाकलं, ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. टोपी लपवली, आरूने शोधून त्यांना घातली. मुकादमाच्या आवाजात त्यांच्या मोबाइलवर फोन करून सांगितलं, दादा, वादळानी केळी पडी गयी. ते म्हणाले, बरं, उभी कर.

काल दुपारी ओसरीवर आम्ही दोघंच होतो. आरू आत आमरस चाटून झोपली होती. मला राहवेना. म्हटलं, व्याही, चेष्टा नाही, खरंच विचारतो. पोर बारा महिने तुमच्याकडे. तुमची मांडी, तुमचं वासरू, तुमचा टीव्ही. मी कधी काही म्हटलं का? ही एक सुट्टी माझी. ती तरी मला एकट्याला दिली असती तर तुमचं काय कमी झालं असतं?

नरोत्तमभाईंनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. पुस्तकातलं मराठी नीट जुळवत म्हणाले:

“व्याही, ती बारा महिने माझ्या मांडीवर बसते आणि तुमच्या गोष्टी सांगते. तुमच्या मांडीवर बसली की माझ्याबद्दल काही सांगते का, तेवढं ऐकायला मी थांबलोय.”